गुन्हेगार पकडायचे, की गुन्हा समजून घ्यायचा?

पत्र : ताई, मला पदवीला गुन्हेगारीशास्त्र घ्यायचं आहे. गुन्ह्यांवरच्या मालिका आणि पॉडकास्ट यांचं मला वेड आहे, ते मी लपवत नाही. पुढे प्रोफायलर व्हावं असं डोक्यात आहे. बाबा म्हणतात, ‘हे शिकून नोकरी कुठली मिळणार? त्यापेक्षा सरळ कायदा कर, नाहीतर पोलिसात जायची तयारी कर.’ मैत्रीण म्हणते, हे सगळं फॉरेन्सिक लॅबचं काम, त्याला केमिस्ट्री लागते. माझी केमिस्ट्री कच्ची आहे आणि गणिताची तर भीतीच वाटते. आणखी एक. माझा मामा काही वर्षं तुरुंगात होता. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याच्यामुळे मला या क्षेत्रात कुणी घेणार नाही का? आणि मी हे त्याच्यामुळेच शिकायला निघाले आहे का, तेही कळत नाही. — एक विद्यार्थिनी

उत्तर :

तुझ्या मैत्रिणीपासून सुरुवात करते, कारण तिचा मुद्दा लवकर निकाली निघतो. ती सांगते आहे ते न्यायसहायक विज्ञान. रक्ताचा डाग कुणाचा, पोटात विष कोणतं, गोळी याच पिस्तुलातून सुटली का, हे प्रश्न तिथले. त्याला रसायनशास्त्र नाहीतर जीवशास्त्र हवंच. गुन्हेगारीशास्त्र हा वेगळा विषय. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा या तिघांच्या मधोमध तो बसतो. अमुक खोलीत त्या रात्री काय घडलं, यात त्याला फारसा रस नसतो. अशा घटना ठरावीक वस्त्यांत, ठरावीक वयात आणि ठरावीक वेळीच जास्त का घडतात, कुठल्या कृत्याला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं, आणि शिक्षा म्हणून आपण जे काही करतो त्याने पुढचे गुन्हे खरंच कमी होतात का, हे त्याचे प्रश्न. केमिस्ट्रीवाचून तुझं इथे काही अडत नाही.

प्रोफायलरचं मात्र तूर्त मनातून काढ. त्या जागा जगभरात मोजक्याच आहेत आणि पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी त्या नसतातच. बरीच वर्षं तपासात घालवलेले पोलीस अधिकारी किंवा मानसशास्त्रात मुरलेली माणसं तिथे घेतली जातात. शिवाय गुन्ह्याच्या जागेवरून गुन्हेगाराचं वय, स्वभाव, नोकरी सांगण्याच्या या विद्येची संशोधकांनी कसून परीक्षा घेतली तेव्हा ती पडद्यावर दिसते तितकी पक्की निघाली नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला तू यावरच निबंध लिहिशील, आणि तेव्हा तुझ्या आवडत्या पात्रांचा तुला थोडा रागही येईल.

मालिकांच्या वेडाबद्दल ओशाळू नकोस. या विषयाला येणारी बरीच मुलं त्याच वाटेने येतात आणि शिकवणाऱ्यांना ते पहिल्या तासालाच कळतं. अडचण इतकीच, की मालिकेत एक खून असतो आणि एक बुद्धिमान खुनी असतो. वर्गात भेटतात त्या सायकलींच्या चोऱ्या, दारू पिऊन झालेल्या मारामाऱ्या, घरातली मारहाण, बँकेच्या नावाने आलेले खोटे फोन. गुन्हा बहुधा कंटाळवाणा असतो आणि गुन्हेगार बहुधा फार हुशार नसतो. या कंटाळवाण्या ढिगात ज्याला रचना दिसू लागते तो इथे रमतो. बाकीचे दुसऱ्या वर्षी विषय बदलतात.

रचना म्हणजे काय, ते सांगते. १९४५ साली जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वाढलेल्या ९,९४५ मुलांच्या पोलीस नोंदी गुन्हेगारीशास्त्रज्ञ मार्व्हिन वुल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत तपासल्या. नोंद झालेल्या एकूण गुन्ह्यांपैकी निम्म्याहून जास्त गुन्हे अवघ्या सहा टक्के मुलांच्या नावावर निघाले. हे वाचल्यावर कुणालाही वाटतं, मग ती सहा टक्के मुलं आधीच हुडकून काढू या की! इथेच खरी गोम आहे. मागे वळून पाहिलं की ती मुलं स्पष्ट दिसतात, पुढे पाहताना दिसत नाहीत. आणि दहा वर्षांच्या पोरावर ‘हा पुढे गुन्हेगार होणार’ असा शिक्का बसला, की शिक्षक, शेजारी, पोलीस सगळे त्याच्याशी तसेच वागू लागतात आणि तोही हळूहळू तसाच वागू लागतो. एका आकड्यातून निघालेला हा वाद पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही. असे वाद तुला आवडतात का, ते स्वतःला विचार.

या शास्त्राने स्वतः मोठमोठे घोटाळे करून ठेवलेत, आणि चांगल्या विद्यापीठात ते पहिल्याच सत्रात शिकवले जातात. चेझारे लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ साली मांडलं, की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि कवटी, जबडा, कान पाहून तो ओळखता येतो. युरोपभर त्याचा बोलबाला झाला. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी तीन हजारांहून अधिक कैद्यांची मापं घेतली, ती तुरुंगाबाहेरच्या विद्यार्थ्यांच्या आणि सैनिकांच्या मापांशी ताडून पाहिली आणि १९१३ साली जाहीर केलं, की असा कुठलाही वेगळा शारीरिक नमुना नाही. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारीचे वस्तीवार नकाशे काढले. एका देशातून आलेले लोक वस्ती सोडून गेले, दुसऱ्या देशातले त्यांच्या जागी आले, तरी बालगुन्हेगारीचं प्रमाण त्याच त्याच वस्त्यांत चढं राहिलं. म्हणजे रक्ताला दोष देऊन भागणार नव्हतं. लोम्ब्रोसोला हसायचा मोह होतो खरा, पण चेहरा पाहून ‘धोकादायक’ माणूस ओळखून देणारी सॉफ्टवेअरं आजही विकायला येतात. ती कुणी विकायला आणली तर ‘तुलना कुणाशी केली?’ हा प्रश्न तुला सुचायला हवा.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण हेल्मेटचं. पश्चिम जर्मनीत १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांना जागच्या जागी दंड करायला सुरुवात झाली. हेतू अपघाती मृत्यू कमी करण्याचा होता, चोरीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण वर्षाला सुमारे दीड लाख मोटारसायकली चोरीला जात होत्या, त्या १९८६ पर्यंत साधारण ५४ हजारांवर आल्या. कारण सरळ आहे. बऱ्याच चोऱ्या ठरवून होत नाहीत. गाडी दिसली, कुणी पाहत नव्हतं, घेतली आणि पळाला. आता डोक्यावर हेल्मेट नसलं तर पुढच्याच चौकात अडवतील, आणि चोरी करायची म्हणून कुणी घरून हेल्मेट घेऊन निघत नाही. मोटारसायकल नाही तर कार, असंही त्या प्रमाणात झालं नाही. गुन्हा होतो त्यामागे माणसाची जडणघडण असते तशी त्या क्षणाची सोयही असते, हे कळलं की रस्त्यावरचा दिवा, दुकानाची मांडणी, मोबाइलचं लॉक यांच्याकडे बघायची नजर बदलते.

आता याच्या उलट बाजूचं एक उदाहरण. अमेरिकेत केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत १९३९ साली ५०६ मुलं निवडली. साधारण सारख्या वयाची, सारख्या घरातली मुलं जोड्यांनी लावली, आणि जोडीतल्या कुणाला मदत द्यायची हे नाणं उडवून ठरवलं. ज्यांना मदत मिळाली त्यांच्या घरी समुपदेशक जायचे, शिकवण्या लावायचे, डॉक्टरकडे न्यायचे, उन्हाळी शिबिरांना पाठवायचे. सरासरी पाच वर्षं हे चाललं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या मुलांना, तोवर मध्यमवयीन झालेल्या पुरुषांना, शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, आमचा फायदा झाला, त्या लोकांची आम्हाला आठवण येते. पण नोंदी ताडून पाहिल्या तर दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू आणि पुन्हा पुन्हा केलेले गुन्हे, या बाबतींत मदत मिळालेला गट मदत न मिळालेल्या गटापेक्षा वाईट निघाला. १९७८ साली हे प्रसिद्ध झालं. असं का झालं, यावर अजून चर्चा होते. एक शंका अशी, की शिबिरांत अडचणीत असलेली मुलं एकत्र आली आणि एकमेकांकडून शिकली.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितलं. दुसरा गट नसता तर हा प्रकल्प यशस्वी म्हणून गौरवला गेला असता. चांगल्या मनाने केलेलं काम अपाय करू शकतं, आणि ज्यांच्यावर ते झालं ती माणसंही तुला ते सांगू शकत नाहीत, मोजूनच कळतं. ‘याने उपयोग होतो का, आणि ते तुम्हाला कसं कळलं?’ हा एक प्रश्न न लाजता, न चिडता विचारायची आणि त्याचं उत्तर शोधायची सवय, हीच या पदवीची कमाई. पुढे नोकरीत त्याच सवयीचा पगार मिळतो. विचारवंतांची नावं आणि सिद्धांत परीक्षेपुरते लक्षात राहतात.

तेव्हा गणिताच्या भीतीबद्दल बोलायलाच हवं. समज, तुझ्यापुढे घरफोड्यांची एक फाइल आहे. काही हजार ओळी, प्रत्येक ओळ एक तक्रार. वेळेचा रकाना चाळलास तर दिसतं, की शेकडो घरफोड्या रात्री बरोबर बारा वाजून शून्य मिनिटांनी झाल्या आहेत. चोर घड्याळ लावून निघतात का? नाही. वेळ माहीत नसली तरी रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून तिथे ००:०० पडतं. कुटुंब शुक्रवारी संध्याकाळी बाहेरगावी गेलं, रविवारी रात्री परतलं, कुलूप तुटलेलं. चोरी मधल्या पन्नासेक तासांत केव्हातरी झाली. मग तू तो सगळा डेटा नकाशावर टाकतेस आणि सगळ्यात जास्त गुन्हे चक्क पोलीस ठाण्याच्या इमारतीत झालेले दिसतात. कारण नेमका पत्ता नसलेल्या तक्रारींना कुणीतरी ठाण्याचाच पत्ता लावून टाकला आहे. आणि जे गुन्हे कुणी नोंदवलेच नाहीत ते तर या फाइलमध्ये नाहीतच. म्हणून अनेक देशांत सरकार स्वतंत्रपणे घरोघरी जाऊन विचारतं, गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय घडलं. अमेरिकेत अशी राष्ट्रीय पाहणी १९७३ पासून होते आहे.

हे सगळं ओळखायला कॅल्क्युलस लागत नाही, संशयी स्वभाव लागतो. टक्केवारी आणि दर यांतला फरक, नमुना कसा निवडतात, दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं का म्हणता येत नाही, एवढ्यावर पहिलं वर्ष निभतं. पुढे रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवर अनेक गोष्टींचा किती परिणाम होतो ते मोजायची पद्धत येते, एक्सेलनंतर आर किंवा पायथन या संगणकाच्या भाषा येतात, नकाशांसाठी जीआयएस हे सॉफ्टवेअर येतं. भीती असू दे, पण सांख्यिकीचा पेपर टाळता येईल असा अभ्यासक्रम मात्र निवडू नकोस. सिद्धांतांवर बोलणारे पदवीधर चिक्कार असतात. अशी घाण फाइल साफ करून ‘यातल्या या आठशे ओळींवर विश्वास ठेवू नका’ असं सांगणारे कमी असतात, आणि मुलाखतीत तेच निवडले जातात.

आता बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. ‘गुन्हेगारीशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात विद्यापीठं आणि संशोधन संस्था सोडल्या तर फारशी निघत नाही. डॉक्टरकी किंवा वकिलीसारखी ही परवाना देणारी पदवी नाही. ही घेऊन माणसं वेगवेगळ्या नावांच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात, आणि कुठली खुर्ची मिळणार ते सोबत तू दुसरं काय शिकलीस यावर ठरतं. समुपदेशन शिकलीस तर एक दार, डेटा शिकलीस तर दुसरं, कायदा शिकलीस तर तिसरं. त्यामुळे कुठलं पद हवं हे आत्ता ठरवू नकोस. कामाचा दिवस कसा गेलेला तुला चालेल, ते आधी ठरव.

परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे शिक्षेआधी गुन्हेगाराची माहिती न्यायालयाला देणाऱ्या आणि तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरचा दिवस सांगते, कारण या विषयातल्या पदवीधरांना बऱ्याच देशांत हे काम मिळतं आणि मालिकांत ते कधी दिसत नाही. (काही ठिकाणी त्यासाठी समाजकार्याची पदवी किंवा वेगळं प्रशिक्षण लागतं, ते आधी बघून घे.) आरोप सिद्ध झाला आहे, शिक्षा ठरायची आहे, न्यायाधीशांनी अहवाल मागवला आहे. तुझ्याकडे दोन-तीन आठवडे आणि कागदांची एक फाइल. समोर एकोणीस वर्षांचा मुलगा बसला आहे, नजर स्वतःच्या बुटांवर. चोरी का केलीस विचारलं तर म्हणतो, ‘माहीत नाही.’ तो खोटं बोलत नसतो. मग तू ‘का’ सोडून देतेस आणि त्याचा दिवस विचारतेस. सकाळी कधी उठतोस, जेवतोस कुणाबरोबर, पैसे संपले की मागतोस कुणाकडे, रात्री झोपतोस कुठे. तिसऱ्या प्रश्नाला तो एका मित्राचं नाव घेतो आणि तेच नाव फाइलमध्ये सहआरोपी म्हणून असतं. मग त्याच्या आईला फोन. दिलेल्या पत्त्यावर तो खरंच राहू शकतो का, की तिने दार बंद केलं आहे? मग कामावरच्या मालकाला फोन. मग धोका-मूल्यांकनाचा फॉर्म: वय, आधीच्या शिक्षा, व्यसन, संगत, राहायची सोय, प्रत्येकाला गुण. बेरीज म्हणते ‘मध्यम’. तुझं मन म्हणतं ‘कमी’. फॉर्मच्या विरुद्ध लिहायचं असेल तर कारण द्यावं लागतं आणि खाली सही तुझी असते. हे सगळं दोन-चार पानांत बसवायचं, कारण त्या सकाळी न्यायाधीशांसमोर अशी बरीच प्रकरणं असतात. पुढे त्या मुलाने पुन्हा काही केलं तर तुझा अहवाल कुणीतरी उघडून वाचतं.

हा दिवस वाचून तुला हुरूप आला असेल तर तुरुंगातलं कैद्यांचं वर्गीकरण आणि सुटकेची तयारी, बालसुधारगृहं, व्यसनमुक्ती, पीडितांना आधार देणाऱ्या संस्था ही सगळी दारं तुझीच आहेत. पीडितांकडे या शास्त्राने उशिराच लक्ष दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कुठे त्याची स्वतंत्र शाखा आकाराला आली, आणि आजही खटल्यात ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस बरेचदा एका साक्षीदारापुरताच उरतो. पीडित आणि गुन्हेगार यांना दोघांच्या संमतीने समोरासमोर बसवणाऱ्या मध्यस्थांचं कामही वाढतं आहे. पगार मात्र या बाजूला बेताचेच असतात, विशेषतः स्वयंसेवी संस्थांत. बाबांना ते खरं सांग.

हुरूप न येता अंगावर काटा आला असेल तर फाइलवाली बाजू बघ. १९८९ साली गुन्हेगारीशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या पोलिसांना आलेल्या फोन-कॉलचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्मे कॉल शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. अशा अभ्यासांनंतर गुन्हे-विश्लेषक हे पद पोलीस दलांत रुजत गेलं. गणवेश नाही, पिस्तूल नाही, एक संगणक आणि सोमवारच्या बैठकीत विचारले जाणारे तिरकस प्रश्न. ज्येष्ठ अधिकाऱ्याला ‘साहेब, तुम्हाला वाटतं तिथे गुन्हे होत नाहीत’ हे त्याचा अपमान न करता सांगायची कला इथे लागते, आणि ती कुठल्याच पेपरात नसते.

पैसा जिथे बरा मिळतो ती बाजू फार जणांना सुचत नाही: बँका, विमा कंपन्या, ऑनलाइन व्यवहार आणि समाजमाध्यमं चालवणाऱ्या कंपन्या. फसवणूक-तपास, मनी लाँडरिंगवर (काळा पैसा पांढरा करण्यावर) लक्ष ठेवणं, कम्प्लायन्स (कंपनी कायदे-नियम पाळते ना, ते बघणं), खोटी खाती आणि मुलांचं शोषण रोखणारे विभाग. यामागे एक जुनी गोष्ट आहे. गुन्हेगारीशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ साली अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून सांगितलं, की गुन्हेगारी गरिबीतून येते असं म्हणणं अपुरं आहे, कारण पांढरपेशे लोकही कामाच्या ओघात गुन्हे करतात, फक्त ते तुरुंगात दिसत नाहीत. दहा वर्षांनी सत्तर मोठ्या कंपन्यांवरचा त्यांचा अभ्यास छापला गेला, पण खटल्यांच्या भीतीने कंपन्यांची नावं गाळून. नावांसकट तो १९८३ साली बाहेर आला, तेव्हा सदरलँड हयात नव्हते. आज कंपन्याच अशा अभ्यासकांना नोकरीवर ठेवतात. त्यात विरोधाभास आहेच, पण काम खरं आहे आणि पगार वेळेवर होतो.

उरलेलं थोडक्यात. धोरण आखणारी सरकारी खाती, संसदीय समित्यांचे संशोधक, व्हिएन्नात मुख्यालय असलेलं संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालय, गुन्हेवार्ता करणारी पत्रकारिता, आणि ज्यांना प्रश्नच जास्त आवडतात त्यांच्यासाठी पीएच.डी. आणि अध्यापन. शेवटच्या वाटेला वेळ फार लागतो आणि जागा थोड्या असतात. सायबर सुरक्षा म्हणशील तर तांत्रिक शिक्षण वेगळं घ्यावं लागेल, नुसत्या गुन्हेगारीशास्त्रावर तिथे आत घेत नाहीत.

बाबा सुचवतात ते याच्या विरोधात नाही, हेही त्यांना सांग. पदवीनंतर कायदा करता येतो, आणि शिक्षा झाल्यावर माणसाचं काय होतं हे ठाऊक असलेला फौजदारी वकील वेगळाच असतो. पोलिसात जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी कुठलीही पदवी चालते, मग ही का नको? फक्त वकिली नक्की करायचीच आहे आणि वर्षं वाचवायची आहेत, असं असेल तर सरळ कायद्यालाच जा आणि तिथे गुन्हेगारीशास्त्र ऐच्छिक विषय म्हणून घे.

मामाबद्दल तू पत्राच्या शेवटी, घाईघाईत लिहिलंस. बहुतेक नोकऱ्यांत पार्श्वभूमीची तपासणी होते ती तुझ्या स्वतःच्या नोंदीची. पोलीस, तुरुंग, गुप्तवार्ता अशा ठिकाणी जवळच्या नातेवाइकांबद्दलही विचारतात. तिथे विचारलं तर खरं लिही. नातेवाइकाला शिक्षा झाली होती म्हणून दार बंद होईलच असं नाही, पण ते लपवलं आणि नंतर उघड झालं तर बंद होतंच. आणि त्याच्यामुळे शिकायला निघाले आहेस का, तर असशीलही. त्यात बिघडलं काय? या वर्गांत कुणाच्या घरी चोरी झालेली असते, कुणाच्या बहिणीने मार सोसलेला असतो, कुणाचे वडील पोलीस असतात. ही माणसं अभ्यासाला एक तळमळ आणतात, आणि ‘कैदी’ या शब्दामागे कुणाचा तरी मामा असतो हे त्यांना पाठ करावं लागत नाही. एकच पथ्य पाळ. मामाचं आयुष्य पुरावा म्हणून वापरू नकोस. एका माणसावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष निघत नाही, आणि वर्गातल्या चर्चेत त्याची गोष्ट सांगायचा हक्क त्याचा आहे. त्याच्याशी बोलावंसं वाटलं तर भाची म्हणून बोल, प्रोजेक्टची प्रश्नावली घेऊन जाऊ नकोस. पहिल्या वर्षात तुरुंगावरचं काही वाचताना छातीत कळ उठल्यासारखं झालं, झोप उडाली, तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जा. या कामात मुरलेली माणसंही जातात, चांगल्या संस्था तर पाठवतातच. मुलांवरच्या अत्याचाराच्या फाइली रोज वाचणाऱ्याने ‘मला काही होत नाही’ म्हणणं हे कणखरपणाचं लक्षण नसतं.

राहिला प्रवेशाचा विषय. अभ्यासक्रमाचं नाव बघू नकोस, ‘गुन्हे’ हा शब्द घालून नुसती आकर्षक नावं हल्ली खूप निघाली आहेत. पेपरांची यादी मागव. तिच्यात संशोधन पद्धती आणि सांख्यिकी निदान दोन सत्रं आहेत का, फौजदारी कायदा आणि मानसशास्त्र आहे का, शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रबंध आहे का, आणि तुरुंग, न्यायालय, पोलीस किंवा संस्थेत काही आठवडे प्रत्यक्ष काम आहे का, ते बघ. शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः संशोधन करतात ते त्यांच्या पानांवरून कळतं. मग विभागाला एक ई-मेल कर: गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून पदवी घेतलेली मुलं आज कुठे काम करतात? ‘विविध क्षेत्रांत उज्ज्वल संधी’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचार, पदांची नावं सांगा म्हणून. तेही सांगता आलं नाही तर दुसरं विद्यापीठ शोध. मधल्या काळात जवळच्या न्यायालयात जाऊन एक आख्खी सकाळ बसून ये. बहुतेक खटल्यांची सुनावणी खुली असते, आत जायला कुणाची ओळख लागत नाही. मोठा खटला शोधू नकोस, किरकोळ प्रकरणं चालतात त्याच दालनात बस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथे तुझं मन लागलं तर फॉर्म भर.